डावीकडचं भात

सान रोके, २ मे २०१९

प्रिय टोटो,

तो दिवस तुला आठवत असेल असं नाही, कारण त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही घडलं नव्हतं. बास्केटबॉलच्या कोर्टावर निनोंग आम्बोंचं भात वाळत पडलं होतं, या खांबापासून त्या खांबापर्यंत, आणि मी लाकडी दाताळ्याने ते खालीवर करत होते. मी, थोरली बहीण, तुझी मनांग, पंचवीस वर्षांची, शाळेत शिकवून नुकतीच आलेली, पायात अजून बाईंचे बूट. तू आठ वर्षांचा. तुझं काम कोंबड्या हाकलण्याचं होतं आणि तू ते सोडून चेंडू आपटत होतास. चेंडू भातात गेला. दाणे गटारापर्यंत उडाले. मी दाताळं उगारलं, तू चर्चच्या पायरीमागे लपलास.

तेवढ्यात निनोंग खराटा घेऊन आले. रागावतील असं वाटलं होतं, भात त्यांचं होतं. चर्चच्या बाजूने, कोर्टाच्या उजव्या कडेने त्यांनी एक पट्टा झाडून काढला, माणसाने दोन हात पसरावेत एवढा रुंद. मग म्हणाले, "एवढी जागा तुझी. तुझा निनोंग, तुझा धर्मपिता आहे म्हणून देतोय. एक दाणा जरी उडाला तर भाताबरोबर तुलाही गिरणीत घालीन."

त्या पट्ट्यात तू संध्याकाळपर्यंत चेंडू काखेत धरून मागे आणत होतास आणि पुन्हा त्याच दिशेने आपटत नेत होतास. जमिनीलगत, कारण वर उसळला तर तो भातात जाणार. पुढे दर काढणीला निनोंग तोच पट्टा झाडायचे, तू मोठा होऊन मनिलाला जाईपर्यंत.

पेपरवाल्यांनी नंतर तुझ्याबद्दल लिहिलं, की सुमागायसायच्या हातातला चेंडू गुडघ्याच्या वर येत नाही, तो कुणालाच हिसकावता येत नाही. आणि हेही लिहिलं, की हा गडी डावीकडे जात नाही, त्याला उजवीकडून अडवा. प्रत्येक प्रशिक्षक तुझ्यावर त्यावरून ओरडला. मला कुणी विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं: डावीकडे भात होतं.

पत्र लिहायचं कारण सांगते. फोनवर तू "बरी आहेस ना" म्हणतोस आणि ठेवतोस. कोर्टावर छप्पर चढतंय. भात आता गिरणीतल्या यंत्रात वाळतं, कोर्टावर कुणी पसरत नाही. निनोंग एक्क्याऐंशीचे झाले. गावच्या प्रमुखपदावर त्यांच्या जागी आता त्यांची मुलगी डेल्फा आहे. सोळा ऑगस्टला, गावच्या संताच्या, सान रोकेच्या सणाला, छपराखालचा पहिला सामना आहे, आणि पहिला चेंडू तू उडवावास असं सगळ्यांना वाटतं.

नऊ वर्षं तू या कोर्टावर पाय ठेवलेला नाहीस. आई गेली तेव्हा सकाळच्या बोटीने आलास, आणि दफनभूमीतून परत जाताना कोर्ट लागू नये म्हणून कालव्याच्या बाजूने गेलास. मी पाहत होते.

ये, एवढंच मागते.

तुझी मनांग,
पुरिंग


सान रोके, ३० मे २०१९

प्रिय टोटो,

तुझा निरोप फोनवर आला. दोनच ओळी. "येईन असं म्हणत नाही. त्या माणसाचं नाव पत्रात घालू नकोस."

बरं. आज त्यांच्याबद्दल लिहीत नाही. आईच्या दुकानाबद्दल लिहिते.

तू पहिल्यांदा व्यावसायिक खेळात शिरलास तो सार्डिनच्या कंपनीच्या संघातून, दोन हजार तीनमध्ये. आपलं आडनाव एवढं लांब, की लाल जर्सीवर ते एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत गेलं होतं. आईने त्याच आठवड्यात दुकानातून बाकी सगळ्या कंपन्यांचे मासळीचे डबे काढून टाकले. दोन वर्षांनी तुला नूडल्सवाल्यांकडे दिलं, दोन उंच पोरांच्या बदल्यात. तुला ते टीव्हीवरून कळलं आणि आम्हाला तुझ्या आधी. दुसऱ्या दिवशी ईसिंगमावशी दुकानात आली तेव्हा मी वह्या तपासत मागे बसले होते.

"सार्डिनचा डबा दे."

"नाहीत," आई म्हणाली.

"त्या मागच्या फळीवर काय दिसतंय मग?"

"ते विकायचे नाहीत. मुलगा आता नूडल्समध्ये आहे."

"आणि माझ्या नवऱ्याने काय खायचं?"

"नूडल्स खा. यंदा त्यांचा बचाव चांगला आहे."

मग तू रंगाच्या कंपनीत गेलास. आईने रंगाचे बारा डबे मागवले. आपल्या गावात रंग कोण घेतो? शेवटी चर्चचं फाटक निळं झालं, आपला डुकरांचा गोठा निळा झाला, आणि ईसिंगमावशी म्हणाली, "तुझा मुलगा सिमेंटमध्ये जाऊ नये म्हणून मी मेणबत्ती लावून आले." रंगानंतर दुधाची पावडर. ते वर्ष सगळ्यांना आवडलं.

सहा वर्षांत चार संघ. तू कधी कुणाबद्दल वाईट बोलला नाहीस. तुझ्याकडे चेंडू यायचा, तू तो दुसऱ्याला द्यायचास, टाळ्या त्याला मिळायच्या. हंगाम संपला की तुझी बॅग भरलेली. एकदा मी विचारलं, "कपडे बॅगेतूनच काढून घालतोस का रे?" तू म्हणालास, "मनांग, कपाटात ठेवले की बदली होते. हा अनुभव आहे."

मग दोन हजार नऊ. साबणाची कंपनी. तीन वर्षांचा करार, पहिल्यांदाच, आणि सुरुवातीच्या पाचांत जागा. तू फोन केलास, आधी आईची चौकशी केलीस. मग म्हणालास, "मनांग, मी कपाट घेतलंय. कपडे आत लावलेत."

आईने सगळ्या दुकानात हिरवा साबण भरला. नूडल्सच्या पाकिटांनाही त्याचा वास लागला. तू तिथून गेलास तरी ती खोकी संपेनात. दोन वर्षं आम्ही त्याच साबणाने आंघोळ करत होतो. आई कुणाला तो विकतही नव्हती आणि टाकतही नव्हती.

टोटो, इथपर्यंत लिहून पेन खाली ठेवलं आणि उगाच अंगण झाडून आले. पुढचं मला लिहायचं आहे, पण आज नाही.

बाकी ठीक. कोर्टाचे आठ खांब उभे राहिले.

मनांग


सान रोके, २१ जून २०१९

प्रिय टोटो,

त्या माणसाचं नाव घालू नकोस म्हणालास. या पत्रात घालावं लागणार आहे. वाचून झाल्यावर तू माझंही नाव टाकलंस तर मी काही म्हणणार नाही.

तुझे सगळे करार मी वाचायचे. कंपन्यांचं इंग्रजी अवघड, आणि घरात नन्सकडे शिकलेली मीच. पाकीट आलं की तू ते न उघडताच माझ्याकडे पाठवायचास. मी वाचून सांगायचे, तू सही करायचास. साबणवाल्यांचा करारही मीच वाचला होता.

दोन हजार दहाचा ऑगस्ट. कालव्यापलीकडच्या गावाने सलग दोन वर्षं आपल्याला सणाच्या सामन्यात हरवलं होतं. त्यांच्या शाळेच्या तेओदोरा बाई आठवतात? तालुक्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "तुमचा भाऊ टीव्हीवर असतो म्हणे. एकदा खराखुरा आणून दाखवा, नाहीतर आम्हाला वाटेल चित्रच आहे." सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात मी सांगून टाकलं, की सोळा तारखेला माझा भाऊ आपल्या गावाकडून खेळणार. तुला विचारलंही नव्हतं.

दोन दिवसांनी निनोंग सायकलवरून शाळेत आले. त्यांना कापडी फलक छापायचा होता. टोपी हातात धरून उभे होते. "बाई, त्याच्या कंपनीची हरकत नसेल ना? कागद तू वाचलेत म्हणून विचारतो."

मी म्हटलं, "काही हरकत नाही. छापा."

मग तू आलास. रात्रीचं जेवण चाललं होतं, तू आईला खेकडा फोडून देत होतास. मान वर न करता तू विचारलंस, "मनांग, गावच्या सामन्यांबद्दल कागदात काही आहे का? इतरांच्या करारात असतं म्हणतात."

"मी वाचलाय ना," मी म्हटलं. "नाही काही."

होतं, टोटो. चौथ्या पानावर, अकरावं कलम. कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेर कुठेही खेळला तर करार तिथेच संपला. अक्षर बारीक होतं, पण सिस्टर बेनिग्नांनी आम्हाला प्रार्थनेच्या पुस्तकातल्या तळटिपासुद्धा पाठ करायला लावल्या होत्या, बारीक अक्षर माझ्या नजरेतून सुटत नाही. मी त्या कलमाखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. जेवणं झाली, तू आईचे पाय चेपायला बसलास, आणि मी आत जाऊन ती रेघ खोडली.

वाटलं, एकच सामना. मनिला लांब आहे. कुणाला कळणार?

तू दहाच मिनिटं खेळलास. शेवटचा चेंडू तू न बघता त्या सुताराच्या पोराला दिलास आणि आपण एका गुणाने जिंकलो. माझा सगळा वर्ग बाकांवर चढला. मी तेओदोरा बाईंकडे वळून पाहिलं. त्या क्षणी मला जे सुख झालं ते खरं होतं, हेही सांगते. नाहीतर कबुली अर्धीच राहील.

फलकावर तुझं नाव तीन फूट उंच, आणि त्याखाली तू. कुणीतरी फोनने फोटो काढला आणि तो पेपरात गेला. अकरा दिवसांनी, तू अजून घरीच असताना, कंपनीचं पत्र आलं, अकराव्या कलमाचा दाखला देऊन. मी ते तुला वाचून दाखवलं आणि म्हटलं, "मला ते दिसलंच नाही रे." तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. म्हणालास, "दिवसभर पोरांच्या वह्या तपासतेस. सुटलं असेल."

तो हात अजून तिथे आहे.

त्या रविवारी चर्चबाहेर, सगळ्या गावासमोर, तू निनोंगना म्हणालास, "तुमच्या मिरवण्यापायी माझं घर मोडलं." त्यांनी तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी गाण्यांच्या पुस्तकात डोकं घातलं. ते म्हणाले, "चुकलो, पोरा." एवढंच. नऊ वर्षं त्यांनी कुणाला काही सांगितलेलं नाही, डेल्फालासुद्धा नाही.

मी फादरकडे कबुली दिली होती, त्याच महिन्यात. त्यांनी तीन जपमाळा सांगितल्या. स्वस्तात सुटले असं तेव्हाही वाटलं होतं.

त्यानंतरचं वर्ष तू संघाशिवाय काढलंस. मग इंजिन ऑइल, बिस्किटं, बॅटऱ्या, आणि आता उत्तरेकडच्या त्या गावाचा संघ, एकोणचाळिसाव्या वर्षी, चार मिनिटं खेळायला. त्या नऊ वर्षांत तू कपाट घेतलंस असं मी ऐकलं नाही.

मी क्षमा मागत नाही, तो तुझा प्रश्न. एवढंच म्हणते, की राग चुकीच्या दारात ठेवला आहेस. तो उचल आणि माझ्या दारात ठेव. आणि निनोंगना भेट, ते ऐकू शकतात तोवर.

पुरिंग


सान रोके, १६ जुलै २०१९

प्रिय टोटो,

पंचवीस दिवस झाले. उत्तर नाही. ते साहजिक आहे, मी वाट पाहत नाही असं रोज ठरवते आणि रोज पोस्टमनला पाणी विचारते. त्याला वाटतंय मी फार दयाळू झाले आहे.

निनोंगना मी सांगितलं, की तुला सगळं लिहून टाकलं. ते चर्चच्या पायरीवर बसून छपराचे पत्रे चढवणाऱ्यांना सूचना देत होते. त्यांना दिसत नाही फारसं, तरी देत होते.

"कशाला सांगितलंस, बाई? मला सवय झाली होती."

"मला नव्हती झाली," मी म्हटलं.

त्यांनी वरच्या मजुरांना आणखी एक सूचना दिली. मग म्हणाले, "एक चूक माझी आहेच. दरवेळी उजवीकडेच पट्टा झाडला. एखाद्या वर्षी डावीकडे झाडायला काय झालं होतं मला? पोरगा कुठल्या कुठे गेला असता."

मी म्हटलं, "डावीकडे गटार होतं, निनोंग."

"हां," ते म्हणाले. "गटार होतं." आणि त्यांना एवढं हसू आलं, की वरचे मजूर काम थांबवून बघायला लागले.

डेल्फाने तिच्या फोनवर तुझा शेवटचा सामना दाखवला. चित्र फुटत होतं. तू चौथ्या भागात आलास. एका कोवळ्या पोराला तू बोटाने जागा दाखवलीस, तो गेला नाही, तू पुन्हा दाखवलीस, मग तो गेला आणि चेंडू त्याच्या हातात आधीच होता. टाळ्या त्याला मिळाल्या. तू मागे धावत होतास, आणि हसत होतास. मला बरं वाटलं. तुला सांगायचा हक्क नाही, तरी सांगितलं.

मनांग


सान रोके, ७ ऑगस्ट २०१९

प्रिय टोटो,

काल बंदरावरून खोका आला. डेल्फाने तीनचाकीतून आणला, आणि निम्मं गाव मागून. मी सगळ्यांना अंगणात थांबवलं आणि एकटीने उघडला.

वर चिठ्ठी होती, सही नसलेली: "मनांग, तूच वाटून टाक. वाचता तुला येतं."

मी खुर्चीवर बसले. ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. टोचली. टोचावी म्हणूनच लिहिलीस. पण तुझ्या टोमण्यांचा आवाज मला माहीत आहे, आठ वर्षांचा होतास तेव्हापासून. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याला तू टोमणा मारत नाहीस. त्याला तू "बरी आहेस ना" म्हणतोस.

खाली नऊ जर्सी, घड्या घातलेल्या, आणि सगळ्यांत तळाशी तुझे बूट. खेळायचे. न धुतलेले. अंगणातून डेल्फा ओरडली, "येतोय का नाही, ते लिहिलंय का?" मी म्हटलं, "लिहिलेलं नाही. बूट पाठवलेत." ती म्हणाली, "मग तो काय तिकडे अनवाणी बसणार आहे?" आणि जाऊन लाउडस्पीकरवाल्याला सांगून आली. मी अडवलं नाही. या वेळी करार नाही, मी डेल्फाला संघाच्या कचेरीत फोन करायला लावून दोनदा खात्री करून घेतली. हंगामाबरोबरच तो संपला.

तरी जर्सी वाटणार तूच आहेस. आयुष्यभर तेच काम केलंस, आणि ते माझ्या हातून नीट होत नाही. मी फक्त कुणाला काय ते लिहून ठेवते. पटलं नाही तर बदल.

लाल, सार्डिनची, ईसिंगमावशीला. तिच्या नवऱ्याने दोन वर्षं न आवडणाऱ्या नूडल्स खाल्ल्या. मावशी ती घालणार नाही, तिने फर्निचर पुसेल. वाईट वाटून घेऊ नकोस. नूडल्सची पिवळी डेल्फाला. लहानपणी ती तुझ्या प्रत्येक सामन्याचे गुण भिंतीवर कोळशाने लिहायची, हे तुला कधी कळलं नाही.

निळी फादरना. फाटकाचा रंग अजून टिकून आहे, असं ते प्रवचनातसुद्धा सांगतात.

दुधाची पांढरी माझ्या वर्गातल्या मार्लीनला. डावरी आहे, उंचीने माझ्या कोपरापर्यंत, आणि चेंडू जमिनीलगत नेते. तिला उजवीकडे जायला शिकवायला कुणीतरी हवं आहे. तुला घाई नसेल तर. छपराखालचं कोर्ट आता पूर्ण मोकळं आहे, टोटो, दोन्ही बाजूंनी. मी काल चालून पाहिलं.

इंजिन ऑइल, बिस्किटं आणि बॅटऱ्या या तिन्ही आपल्या गावच्या संघातल्या पोरांना. चिठ्ठ्या टाका, नाहीतर भांडतील. उत्तरेकडची तपकिरी तू ठेव. आईच्या खोलीतलं कपाट मी रिकामं केलंय. साबणाचा वास गेलेला नाही, त्याला इलाज नाही.

बूट कुणाला नाहीत. निनोंग हातात घेऊन बघायला मागतील, त्यांना बघू दे.

हिरवी त्यांनाच दे. तिची घडी मी उलगडलेली नाही. सगळ्या गावासमोर दे, चर्चच्या पायरीपाशी, जिथे त्या रविवारी बोलला होतास. काही बोलायची गरज नाही. माझी चूक त्यांनी नऊ वर्षं अंगावर वागवली, जर्सी त्यांना जड होणार नाही. तू द्यायच्या आधी, त्याच पायरीवर उभी राहून, अकरावं कलम मी सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. चष्मा नवा केलाय.

चिठ्ठी मात्र वाटणीत धरू नकोस. ती माझी.

तुझी मनांग,
पुरिंग